एडवर्ड खिडकीतून येतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

2 ऑगस्ट 2008 च्या मध्यरात्री अमेरिकेत पुस्तकांची दुकानं उघडी होती. दारांशी रांगा लागल्या होत्या, मुख्यतः मुलींच्या. काहीजणींबरोबर त्यांच्या आयाही होत्या, आणि त्यांनीही आधीची तीन पुस्तकं वाचलेली. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेतलं चौथं पुस्तक, 'ब्रेकिंग डॉन', त्या रात्री विक्रीला आलं. अमेरिकेत पहिल्याच दिवशी 13 लाख प्रती खपल्या. मग लोकांनी ते वाचलं, आणि काही निष्ठावंत वाचकांनीच एक मोहीम काढली: पुस्तक जाळू नका, दुकानात परत करा! जाळू नका असं सांगावं लागलं, यावरून रागाची कल्पना यावी.

या वाचकांबद्दल मला आज बोलायचं आहे. आवडलं म्हणणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय, हसणाऱ्यांबद्दल त्याहून जास्त. ज्यांना आवडलं आणि आवडल्याचा थोडा रागही आला, असे वाचक मला वर्गात भेटत राहिले. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. 2009 च्या सुमारास माझ्या वर्गात या पुस्तकाची एकच प्रत बाकांखालून फिरायची. काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन गोरे हात आणि ओंजळीत लाल सफरचंद. मुखपृष्ठ सुटून आलं होतं, पण प्रत काही कुणी सोडत नव्हतं.

ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत आणि सिनेमेही पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी. आईवडील विभक्त. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या रखरखीत उन्हातून ती वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावी वडिलांकडे राहायला येते. वडील गावचे पोलीस प्रमुख. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो; देखणा, श्रीमंत, तुटक वागणारा. हा 1918 पासून सतरा वर्षांचाच आहे. शिकागोत स्पॅनिश फ्लूनं मरायला टेकला असताना एका डॉक्टरनं त्याला व्हॅम्पायर केलं. कलन कुटुंब माणसांना सोडून जनावरांचं रक्त पितं आणि थट्टेनं स्वतःला शाकाहारी म्हणवतं. (आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी मनावर घेऊ नये.) उन्हात त्यांची त्वचा हिऱ्यासारखी चकाकते, म्हणून त्यांना ढगाळ गाव लागतं. दुसऱ्या बाजूला जेकब ब्लॅक, क्विल्यूट या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा मुलगा, जो लांडगा होऊ शकतो. बेला कुणाची, यावर चार पुस्तकं उभी आहेत.

मायर यांनी सांगितल्याप्रमाणे हे सगळं एका स्वप्नातून सुरू झालं. 2 जून 2003 ची पहाट. स्वप्नात जंगलातलं मोकळं कुरण, एक मुलगी आणि एक चकाकणारा व्हॅम्पायर. त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि त्याला तिचं रक्तही हवंय. घरात तीन लहान मुलं. त्यांचं आवरून ही बाई लिहायला बसली आणि साधारण तीन महिन्यांत कादंबरी पूर्ण झाली. ते स्वप्न आज पुस्तकाचं तेरावं प्रकरण आहे. पुस्तक 2005 मध्ये आलं.

आता लेखनाचा दर्जा. भयकथांचे प्रसिद्ध लेखक स्टीफन किंग यांनी 2009 मध्ये एका मुलाखतीत स्पष्टच सांगितलं की मायर यांना धड लिहिता येत नाही. मी त्यांच्याशी फार भांडणार नाही. एडवर्डचा चेहरा किती वेळा संगमरवरी, किती वेळा परिपूर्ण, किती वेळा देवासारखा, हे मोजायला बसलं तर पेन्सिल झिजेल. पण किंग यांनीच पुढे हेही म्हटलं होतं, की ती मुलींच्या एका संपूर्ण पिढीसाठी लिहिते आहे आणि प्रेम नि शरीर यांची ओढ त्यांना न घाबरवता दाखवते आहे. हे वाक्य लोक उद्धृत करत नाहीत, कारण पहिलं वाक्य जास्त चविष्ट आहे.

पहिल्या पुस्तकाची रचना बघा. चोवीस प्रकरणं, आणि खलनायक येतो अठराव्यात! तोवर काय चाललंय? एक मुलगा एका मुलीकडे बघतोय. कँटीनमध्ये बघतोय, जीवशास्त्राच्या तासाला बघतोय, पार्किंगमध्ये बघतोय. आणि बेला कशी आहे? फिकट, वेंधळी, पुस्तकं वाचणारी. यापलीकडे लेखिका तिच्याबद्दल फार काही सांगतच नाही. निवेदन तिच्याच तोंडून, त्यामुळे वाचणारी मुलगी तिच्या जागी सहज जाऊन बसते. वर्गात कुणी फारसं लक्ष न दिलेली, पहिल्या बाकावर नाही की शेवटच्या बाकावरही नाही अशी मुलगी. आणि शंभर वर्षं कुणाकडे न बघितलेला माणूस फक्त तिच्याकडे बघतो. तिनं त्यासाठी काहीही केलेलं नाही. नाच बसवला नाही, मार्क मिळवले नाहीत, वजन कमी केलं नाही. सोळाव्या वर्षी याहून मोठं सुख कोणतं?

आणि तोच एडवर्ड रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. तिला न विचारता, कित्येक रात्री.

मला वाटतं, या पुस्तकांचा गोडवा आणि या पुस्तकांचा त्रास एकाच जागेतून येतो. ज्या नजरेनं वाचणारी सुखावते, तीच नजर दोन पावलं पुढे गेली की पाळत होते, आणि ही दोन पावलं कधी पडली ते लेखिका आपल्याला कळू देत नाही. तिसऱ्या पुस्तकात, 'इक्लिप्स'मध्ये, बेलानं जेकबकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. पुढे आपल्या बहिणीला, ॲलिसला, पिवळी पोर्शे देऊन बेलावर पहारा बसवतो. नंतर तो स्वतःच माघार घेतो, चुकलं म्हणतो, हेही खरं. टीकाकार तेवढं विसरतात. पण मला जास्त टोचला तो जेकबचा प्रसंग. तो तिचं जबरदस्तीनं चुंबन घेतो. ती त्याच्या तोंडावर ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर तिचे वडील, गावचे पोलीस प्रमुख, जेकबला म्हणतात, शाब्बास. हा प्रसंग विनोदी म्हणून लिहिलेला आहे.

वर्गात यावर एकदा जुंपली होती. एकीनं विचारलं, "मॅडम, आमच्या क्लासच्या नाक्यावर उभा राहतो तो मुलगा आणि एडवर्ड यांत फरक काय?" दुसरी लगेच म्हणाली, "एडवर्ड दिसायला बरा आहे." वर्ग हसला. विचारणारी हसली नाही. आपल्याकडे नायिकेच्या मागे मागे फिरणारा नायक सिनेमानं पिढ्यान्‌पिढ्या प्रेमळ म्हणून दाखवला. पाठलाग हा कायद्यानं स्वतंत्र गुन्हा ठरला तो 2013 मध्ये. त्यामुळे ती मुलगी जे विचारत होती ते तिनं कुठल्या समीक्षकाकडून उचललेलं नव्हतं. तिला रोज त्या नाक्यावरून जायचं होतं. आणि गंमत म्हणजे पुढचं पुस्तक तिनंच आधी मागून घेतलं.

दुसऱ्या पुस्तकात, 'न्यू मून'मध्ये, एडवर्ड बेलाला सोडून जातो. पुढची पानं जवळजवळ कोरी आहेत. एका पानावर फक्त 'ऑक्टोबर', मग 'नोव्हेंबर', 'डिसेंबर', 'जानेवारी'. संपूर्ण मालिकेतली ही सगळ्यात चांगली लेखनयुक्ती आहे असं मी म्हणेन. दुःखात महिने कसे जातात ते एकही विशेषण न वापरता सांगितलंय, आणि तेही मायर यांनी! आणि मुलगा गेला की मुलीचं आयुष्य म्हणजे कोरं पान, हेही त्यातून सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी त्याच चार पानांत आहेत. एक फाडून दुसरी ठेवता येत नाही.

अशी क्रूर प्रियकराची परंपरा जुनी आहे. बेला स्वतः 'वदरिंग हाइट्स' वाचत असते. 2009 मध्ये ब्रिटनमध्ये ती 1847 ची कादंबरी नव्या काळ्या मुखपृष्ठात निघाली, वर लिहिलेलं: बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक. ती खपलीही भरपूर. पण तिचा नायक हीथक्लिफ हा किती भयंकर माणूस आहे हे लेखिका एमिली ब्राँटीला पक्कं ठाऊक होतं. एडवर्डबद्दल मायर यांना तेवढं ठाऊक होतं का, इथे माझी शंका आहे.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. मायर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या. त्यामुळे लग्नाआधी काही नाही, एडवर्डचा तसा हट्टच आहे. स्त्रीवाद्यांना हे सनातनी वाटलं. उलट अमेरिकेतल्या काही पालकांना ही पुस्तकं फार शारीरिक, वयाला न शोभणारी वाटली, आणि ग्रंथालयांतून ज्यांच्याबद्दल सर्वाधिक हरकती आल्या अशा पुस्तकांच्या 2009 च्या यादीत ही मालिका पाचवी होती. आमच्या पालकसभेत मात्र एक आई म्हणाल्या, "लग्न होईपर्यंत थांबतात ना? मग वाचू दे."

टिंगलीबद्दल एवढंच म्हणते, की मुलींना जे आवडतं त्यावर हसणं नेहमीच स्वस्त असतं. पण त्या टिंगलीवर उपाय म्हणून पुस्तकं थोर होती असं म्हणायचंही कारण नाही.

या सगळ्या वादात एक बाजू फार उशिरा ऐकू आली. फोर्क्स हे खरं गाव आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकाला ऑलिम्पिक द्वीपकल्पावर, तीन-साडेतीन हजार वस्तीचं. मायर यांना अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी ठिकाण हवं होतं, ते त्यांनी इंटरनेटवर शोधलं. वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या कोकणाच्या तोडीचा. लाकूडतोडीचा धंदा बसलेल्या या गावाला पुस्तकांनी पर्यटक दिले. सिनेमाचं चित्रीकरण तिथे झालं नाही, तरी लोक बेलाची गाडी बघायला जातात.

तिथून काही मैलांवर समुद्रकाठी ला पुश आहे, आणि क्विल्यूट हे तिथले खरे लोक. त्यांच्या उत्पत्तिकथेत खरोखरच लांडग्यांपासून माणसं होतात. मायर यांनी ती कथा घेतली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. बाजारात क्विल्यूटांच्या नावाचे दागिने, टीशर्ट आले. जमातीला या धंद्यातून वाटा मिळाला नाही. सिॲटलच्या बर्क म्युझियमनं पुढे जमातीबरोबर काम करून पुस्तकात काय आहे आणि खरं काय आहे ते शेजारी शेजारी मांडलं.

कादंबरीत व्हॅम्पायर आणि लांडगे यांच्यात जमिनीचा करार आहे: या हद्दीपलीकडे आम्ही येणार नाही. कलन कुटुंब तो करार पिढ्यान्‌पिढ्या पाळतं. खऱ्या क्विल्यूटांनी 1855-56 मध्ये अमेरिकी सरकारशी करार केला आणि आपल्या मुलखाचा बहुतेक भाग गमावला. 1889 मध्ये त्यांना ला पुशला एक चौरस मैल राखीव जमीन मिळाली. त्याच वर्षी माणसं हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या, तोडणीला गेलेली असताना त्यांची 26 घरं जाळली गेली, त्या जागेवर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्या वसाहतवाल्याकडून. हे वाचल्यावर कादंबरीतले सभ्य, करार पाळणारे गोरे व्हॅम्पायर मला वेगळेच दिसायला लागले. ती एक चौरस मैल जमीन त्सुनामीच्या पट्ट्यात आहे. 2012 मध्ये कायदा होऊन राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन जमातीला मिळाली आणि शाळा आता वर हलली आहे. जेकबच्या बाजूनं टीशर्ट घालणाऱ्या लाखो मुलींपैकी कितीजणींना हे कळलं असेल? आणि त्यांना तरी बोल कसा लावणार, पुस्तकात त्याचा मागमूस नाही.

पुन्हा त्या रागावलेल्या वाचकांकडे येते, ज्यांना पुस्तक परत करायचं होतं. 'ब्रेकिंग डॉन'मध्ये बेला लग्न करते, आई होते, मरता मरता व्हॅम्पायर होते, आणि तिला काहीच गमवावं लागत नाही. वडील भेटत राहतात, मूल मिळतं, चिरतारुण्य मिळतं. जेकबचं दुःखही मिटतं, कारण त्याचा जीव तिच्या तान्ह्या मुलीवर जडतो. पुस्तक म्हणतं ते प्रेम सध्या मोठ्या भावासारखं आहे, पण पुढचं सूचित आहेच. रागाचं मोठं कारण हे प्रकरण होतं. माझ्या मते दुसरं कारण तितकंच मोठं. तीन पुस्तकं भीती दाखवली होती, की या प्रेमाची किंमत फार मोठी आहे. चौथ्यात बिलच आलं नाही.

मायर यांनी एकदा ते बिल आणलं. बेला सतत संकटात सापडणारी अबला आहे या टीकेला उत्तर म्हणून 2015 मध्ये त्यांनी 'लाइफ अँड डेथ' काढलं. तीच कथा, पण मुलगा मुलगी उलटे: माणूस आहे तो बो, व्हॅम्पायर आहे ती एडिथ. संकटात सापडते ते बाई म्हणून नव्हे, माणूस म्हणून, असं त्यांना दाखवायचं होतं. ते अर्धंच साधलं. झोपलेल्याकडे बघणारी मुलगी असली तरी खिडकी न विचारताच उघडली जाते. पण शेवट त्यांनी बदलला. बो पहिल्याच पुस्तकात व्हॅम्पायर होतो, त्याच्या आईवडिलांना तो मेल्याचं कळवलं जातं, आणि त्याला दुरून स्वतःचा अंत्यविधी बघावा लागतो. मला चारही पुस्तकांपेक्षा हा शेवट सच्चा वाटतो.

वाचकांना मात्र एडवर्डच हवा होता. 2020 मध्ये त्याच्या तोंडून सांगितलेली पहिल्याच पुस्तकाची गोष्ट 'मिडनाइट सन' या नावानं आली. त्यात तो त्या खिडकीबद्दल स्वतःला भरपूर दोष देतो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा जातो. आठवड्याभरात दहा लाख प्रती खपल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी, तीच ती नाक्यावरच्या मुलाबद्दल विचारणारी, आता तिशीत आहे. तिनं कळवलं, "मॅडम, घेतलं. पन्नास पानांत चिडले. संपवूनच झोपले."

नमस्कार.