राजवाड्याच्या भिंतीवरचं खेडं

नमस्कार श्रोतेहो.

युरोपातल्या जुन्या राजवाड्यांची दगडी दालनं हिवाळ्यात गारठून जात. म्हणून भिंतींवर लोकर आणि रेशमाचे भलेमोठे विणलेले पट टांगत. हीच टॅपेस्ट्री. तिच्यावर देवदेवता आणि लढायांच्या जोडीला खेडंही विणलेलं असे: मेंढपाळ, द्राक्षांची तोडणी, लाकूडतोडे.

पण बहुतेकदा हे खेडं राजेलोकांच्या आवडीनं नटवलेलं असे. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कारखान्यासाठी चित्रकार फ्रांस्वा बूशेनं रचलेल्या मालिकांत मेंढ्या राखणाऱ्या पोरींच्या अंगावर रेशमी झगे आहेत. पाहायला सुंदर, यात शंका नाही. चिखल मात्र कुठेच नाही.

माझं मन रमतं ते माद्रिदमध्ये. तिथल्या सांता बार्बाराच्या राजेशाही कारखान्यासाठी स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयानं १७७५ ते १७९२ या काळात साठाहून अधिक नमुनाचित्रं रंगवली. विणकर ती समोर ठेवून पट विणत. १७८६ मध्ये त्याला एल पार्दोच्या राजवाड्यासाठी चार ऋतू रंगवायचं काम मिळालं. पट लागणार होते युवराजाच्या भोजनगृहात.

त्यातला उन्हाळा म्हणजे खळं. चित्र सुमारे साडेसहा मीटर रुंद आहे. कापणी झाली आहे, गव्हाच्या गंजीला टेकून माणसं विसावली आहेत, घोडे मोकळे सोडलेत, लहान मुलं बागडताहेत आणि काही गडी गावातल्या एका भोळ्या माणसाला दारू पाजताहेत. सुगीतली थट्टामस्करी आणि थकवा, दोन्ही एकाच खळ्यात.

आणि हिवाळा! हिवाळा म्हटलं की शेकोटीपाशी हात शेकणारा म्हातारा दाखवायची जुनी प्रथा होती. गोयानं उघड्या माळावर बर्फाचं वादळ आणलं. तीन माणसं डोक्यावरून घोंगडी ओढून, एकमेकांना चिकटून वाऱ्याशी झुंजत चालली आहेत. कुत्र्यानं शेपूट पायांत घातलंय. मागून येणाऱ्या खेचराच्या पाठीवर पोट फाडलेलं डुक्कर लादलंय. युवराजाच्या जेवणघरासाठी हे चित्र! मला यात गोयाचं धाडस दिसतं. ज्यांच्या कष्टावर ताटं भरत, त्यांची थंडी त्यानं ताटासमोर मांडली.

आता विणकरांविषयी, कारण त्यांची नावं क्वचितच सांगितली जातात. टॅपेस्ट्रीत आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वावर विणतात. त्यामुळे ढगातली किंवा बर्फातली एकेक करडी छटा म्हणजे वेगळा धागा आणि वेगळी मेहनत. गोयाचं आंधळ्या गिटारवाल्याचं चित्र तर विणायला फारच अवघड म्हणून कारखान्यानं परत पाठवलं होतं, आणि गोयाला ते बदलून द्यावं लागलं. विणकरांची तक्रार मला रास्त वाटते. रंगाचा एक फटकारा मारायला चित्रकाराला क्षण लागतो, तोच मागावर उतरवायला दिवस जातात.

पुढे ही नमुनाचित्रं गुंडाळून माद्रिदच्या राजवाड्याच्या तळघरात पडली होती. १८६९ मध्ये ती सापडली आणि मग प्रादो संग्रहालयात आली. कधी माद्रिदला गेलात तर तिथं ती पाहा. मग जवळच्या एल एस्कोरियालच्या राजवाड्यात जा. तिथं गोयाच्या चित्रांवरून विणलेले पट भिंतींवर आहेत. रंगातलं लोकरीत काय उतरलं आणि काय निसटलं, ते तुमचं तुम्हालाच ताडून पाहता येईल.