कुसळीवरचा भोवत्या

(पहाटेचं माळरान. लांबवर गवत, क्षितिजाला तांबूस रेघ.)

डिसेंबरचा दुसरा आठवडा. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान. पावणेसात वाजलेत आणि कुसळी गवताची पाती दवानं वाकलीत. गाडीचं इंजिन बंद करून अर्धा तास झाला. खिडकीत वाटाण्यांनी भरलेली कापडी पिशवी, तिच्यावर ५०० मिलिमीटरची लेन्स. गाडीतून खाली उतरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. उभा माणूस दिसला की हा पक्षी लांबूनच वाट बदलतो. थांबलेल्या गाडीचं त्याला तेवढं वाटत नाही.

तो बघा, डावीकडून आला.

भोवत्या, शिकारी पक्षी. इंग्रजीत हॅरियर. त्यातला हा पॅलिड हॅरियरचा नर: अंग फिकट राखी, पोट जवळजवळ पांढरं, पंखांच्या टोकाला काळी पाचर. घारीसारखा तो उंच घिरट्या घालत नाही. पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांवरून दोन-तीन मीटरवर तरंगत जातो. मध्येच थबकतो, मागे वळतो, खाली डोकावतो.

(थांबवलेली चौकट: चेहरा.)

चेहऱ्याभोवतीची ही पिसांची गोल कड बघा, घुबडाची आठवण यावी अशी. गवतात लपलेलं भक्ष्य भोवत्या नुसतं बघत नाही, ऐकतोही. ही कड आवाज कानापर्यंत आणून सोडते.

फोटोग्राफरची खरी झटापट सुरू होते ती इथे. पक्षी पांढरट, मागचं गवत गडद. सगळं कॅमेऱ्यावर सोडलं तर तो गवत उजळवतो आणि पक्ष्याच्या पाठीवरचं एकेक पीस धुऊन निघतं. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, मुद्दाम कमी ठेवायचं. पक्षी वर आभाळात गेला की लगेच उलटं, वाढवायचं. शटर १/२५०० सेकंद. आणि फोकस? मध्ये आलेलं एक कुसळ तो पळवून नेतं. आमच्या पहिल्या चाळीस फोटोंत कुसळं अगदी स्पष्ट आली, त्यांच्यामागे पांढरा डाग.

मग ध्यानात आलं, त्याच्या मागे जायचंच नाही. बांधाच्या कडेनं त्याची एक ठरलेली येरझार होती. तिथेच थांबलो. एक तास दहा मिनिटांनी तो परत आला, सरळ आमच्याकडे. हा तो फोटो. डोळा पिवळाधमक आणि खाली चौकटभर गवत. ते गवत कापून टाकायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

ही तपकिरी मादी आहे. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. माँटेग्यूच्या भोवत्याची मादीही जवळपास अशीच दिसते. इंग्रज पक्षीअभ्यासक जॉर्ज माँटेग्यू यांनी तो पक्षी वेगळा म्हणून ओळखला तो १८०२ साली, आणि दोघींना ओळखताना आजही चुका होतात. इथे फोटो कामाला येतो. तो मोठा करून मान बघायची. गालामागे अशी फिकट कॉलर आणि तिच्यामागे गडद मान असेल, तर ती पॅलिड.

(तळहातावर राखट गोळी. चिमट्यानं उकलताना.)

भोवत्याला जे पचत नाही ते तो अशी गोळी करून ओकून टाकतो. ही सापडली दुपारी, पक्षी शिकारीला गेल्यावर. ही तंगडी नाकतोड्याची. ही पण. हा त्याचा जबडा. ही इवलीशी हाडं उंदराची असावीत. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून, कझाकस्तानसारख्या मुलखातून, हजारो किलोमीटर उडून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. इथे माळावर त्यांचं पोट भरतं ते असल्या घासांवर. शेतकऱ्याचे नाकतोडे फुकटात टिपणारा पाहुणा आहे हा.

मागे दिसतायत ते खड्डे झाडं लावण्यासाठी खणलेत. सरकारी नोंदीत असे माळ बहुधा ‘पडीक’ असतात. झाडांची दाटी झाली, की भोवत्याला उतरायला जागा उरत नाही.

(संध्याकाळ. दुसरा माळ.)

ही जागा कोणती, ते मुद्दाम सांगत नाही. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात, आणि तेही एकत्र. गुजरातमध्ये भावनगरजवळच्या वेळावदरला थंडीत असे शेकड्यांनी जमतात. इथे थोडे आहेत. आम्ही लांब, बांधाआड. फ्लॅश नाही, गाडीचे दिवे बंद. या वेळी कोणी गाडी आत घातली तर सगळा थवा उठतो आणि अंधारात नवी जागा शोधत फिरतो.

सूर्य टेकला तसे एकेक करून आले. गवतावर दोन फेऱ्या, मग पाय खाली सोडून आत. चौदा. पंधरा. दोन नर लागोपाठ, सतरा. अठरावी मादी बसली, पुन्हा उठली, हातभर सरकून बसली. त्यानंतर कॅमेऱ्यात नुसतं गवत हलत राहिलं.