ढिगाऱ्यातली मेरी आणि कोलुंबाची भिंत

नमस्कार मंडळी. आज मला खरं तर एका भिंतीबद्दलच बोलायचंय, पण तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागे जावं लागेल. जर्मनीतलं कोलोन शहर, तिथे सेंट कोलुंबा नावाचं जुनं गॉथिक, म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीतलं, चर्च होतं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीत ते कोसळलं. उरलं काय तर भिंतींचे तुकडे, बुरुजाचा बुंधा, आणि एका खांबापाशी उभी असलेली 15व्या शतकातली मेरीची दगडी मूर्ती. आजूबाजूला सगळं भुईसपाट आणि ही उभी! लोकांचा जीव तिच्यात अडकला, आणि गॉटफ्रीड ब्योम या तरुण आर्किटेक्टने 1950 पर्यंत तिच्यासाठी तिथेच एक छोटं आठकोनी चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, बांधलं. नावच पडलं ढिगाऱ्यातली मेरी.

पुढे 1973 ते 76 मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा खाली रोमन घरांचे पाये निघाले आणि त्यांच्यावर एकावर एक जुनी चर्चेस. म्हणजे ती जागा म्हणजे शहराची अख्खी वंशावळच आहे म्हणा ना.

मग कोलोनच्या महाधर्मप्रांताला, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या संस्थेला, आपल्या म्युझियमसाठी इमारत हवी होती, स्पर्धा झाली, 1997 साली स्विस आर्किटेक्ट पीटर झुम्टोर जिंकले, आणि 2007 ला कोलुंबा नावाचं हे म्युझियम उघडलं. झुम्टोरनी काय केलं, तर पडकं काहीच पाडलं नाही. तुटलेल्या गॉथिक भिंतीचा वरचा काठ जसा वेडावाकडा आहे तसाच ठेवून त्याच्यावर थेट करड्या विटा रचत नेल्या. वीट डेन्मार्कहून खास बनवून आणलेली, चार सेंटिमीटरपेक्षाही कमी जाड आणि हातभर लांब. तुम्ही जवळ जाऊन बघा, जुना काळवंडलेला दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते सरळ दिसतं, लपवलेलं नाही, पण डोळ्याला खुपतही नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण आपण रिपेअर म्हटलं की आधी गिलावा करून सगळं झाकतो.

आत अवशेषांवर जवळजवळ 12 मीटर उंच दालन आहे, बारीक खांब, आणि लाल लाकडाचा नागमोडी पूल, त्यावरून चालायचं. विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्यात, त्यातून उजेड ठिपक्याठिपक्यांनी दगडांवर पडतो, हवाही येते. एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ब्योमचं चॅपल आता या दालनाच्या पोटात गेलंय, त्याच्या काचांना पूर्वी उघड्यावरचा उजेड मिळायचा तो गेला. पण रस्त्यावरून त्याचं दार वेगळं आहे, बाजारात आलेले लोक पिशव्या हातात घेऊन आत येतात, मेणबत्ती लावतात, जातात.

आणि हो, पुलावर उभं राहिलात की कबुतरं घुमताना ऐकू येतात. मी वर बघत राहिले, एकही दिसेना. ते रेकॉर्डिंग आहे, बिल फाँटाना या कलाकाराने केलेलं, म्युझियम बांधण्याआधी या पडक्या जागेत राहणाऱ्या कबुतरांचं.