न आलेल्या बाईचं मत

(गावपातळीवर काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी,

तुमच्यापैकी कुणी वनहक्काचा दावा लावून धरला आहे, कुणी गावातलं दारूचं दुकान हटवायच्या मागे आहे, कुणी आपल्याच समाजात हुंड्याविरुद्ध बोलायला लागलं आहे. सकाळपासून तुमचं ऐकते आहे. जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच निघाली. लोक मान हलवतात, "बरोबर हाये जी" म्हणतात, आणि सभेच्या दिवशी येत नाहीत. विरोध कोण करतो ते गावात सगळ्यांना माहीत असतं, त्याच्यासाठी शिबिराची गरज नाही. मला बोलायचं आहे ते या होकार देऊन घरी राहणाऱ्या माणसाबद्दल. बदलाला गावाचा पाठिंबा मिळणं म्हणजे बहुतेक वेळा हा माणूस मिळणं.

आडव्या बाटलीपासून सुरुवात करते, कारण तिथे हा हिशेब कागदावरच मांडलेला आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की परवानाधारक दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. दुकान बंद हवं असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू हवं असेल तर उभ्या बाटलीवर. पण दुकान बंद व्हायचं असेल तर मतदार यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही. समजा यादीत 800 बाया आहेत. मतदानाला 390 आल्या आणि एकूणएक जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान जागच्या जागी राहतं. घरी बसलेल्या 410 जणी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतात.

हा नियम अन्यायाचा आहे असं मी अनेकदा बोलले आहे, आजही म्हणते. आमदार निवडताना कुणी अशी अट घालत नाही. पण या नियमाने विदर्भातल्या, आणि सगळ्या महाराष्ट्रातल्या, बायांना एक काम करायला भाग पाडलं. हातात मतदार यादी घेऊन एकेका नावासमोर बसावं लागलं. ही वारली, नाव तसंच आहे. ही लग्न होऊन गेली, यादीतून निघाली नाही. ही मिरची तोडायला तेलंगणात गेली आहे, कधी परतणार ते मुकादमाला माहीत. आणि ही इथेच आहे, चार घरं सोडून राहते, पण तिच्याकडे आजवर कुणी गेलंच नाही. यादी अशी वाचली की आपली चळवळ गावात कुठपर्यंत पोचली आहे ते स्पष्ट दिसतं. बहुतेक गावांत ती दोन मोहल्ल्यांच्या पुढे गेलेली नसते.

मग ती का आली नाही? "लोकांना जाणीव नाही" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. नवऱ्याची दारू जिने वीस वर्षं सोसली तिला जाणीव नाही, असं म्हणायला जीभ कशी रेटते? न येण्याची कारणं फार साधी असतात आणि विचारल्याशिवाय कळत नाहीत. कापूस वेचायचा हंगाम असेल तर एक दिवस घरी राहणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. एखादीच्या घरी दुकानदाराकडून उसने आणलेले पैसे असतात. एखादीचा दीर त्याच दुकानात कामाला असतो. आणि कितीतरी वेळा कारण असतं सभेची जागा.

जागेचं जरा सविस्तर सांगते, कारण शिबिरांत हे बोललं जात नाही. आपण गावाची सभा म्हणतो आणि ती मारुतीच्या पारावर, नाहीतर मंदिराच्या सभामंडपात बोलावतो. त्याच क्षणी गावातला एक मोहल्ला दूर गेलेला असतो. मनाई कुणीच केलेली नसते. पण तिथल्या बाईला पिढ्यान्‌पिढ्यांचं माहीत असतं, आपण कुठवर जायचं आणि कुठे उभं राहायचं. तिने येऊन मागे उभं राहावं, मग आपण "या, या, पुढे बसा" म्हणावं, यात तिचा मान राहत नाही. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी 1928 साली सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. इतक्या वर्षांनी आपल्या सभेची जागा सगळ्यांना खुली आहे का, हे आपणच पाहायला नको का? एक सभा बुद्धविहारात घ्या, एक टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, एक शाळेच्या पटांगणात. पारावर बसणारे विहारात येतात का, तेही बघा. सुधारणेच्या बाजूचा कोण आणि नुसता भाषणाच्या बाजूचा कोण, हे त्या दिवशी समजतं.

वेळेचंही तसंच. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात 1 मे म्हणजे ऐन तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे तीनला उठून बाई जंगलात जाते, दुपारी पुडे बांधते, संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, मोजून देते. वर्षाचा रोख पैसा त्या काही दिवसांत येतो. सभेला गणपूर्ती लागते ती 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, यातली जी संख्या कमी असेल तिची. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा-बारा माणसं बसून गावाच्या नावाने ठराव करतात. गावाने असा ठराव केला म्हणून कागद बोलतो आणि गावाला पत्ता नसतो. आपल्या चांगल्या हेतूच्या ठरावांचंही असंच होतं, हे विसरू नका.

आता गाडगेबाबांबद्दल. त्यांच्याविषयी आपण दरवर्षी 20 डिसेंबरला, पुण्यतिथीला, बोलतो, फोटोला हार घालतो, एक दिवस झाडू मारतो. त्यांची पद्धत मात्र शिकत नाही. 1876 साली शेंडगावला जन्मलेला, अक्षर न शिकलेला हा परीट समाजातला माणूस कीर्तनात श्रोत्यांना सारखे प्रश्न विचारायचा. देवाला बोकड कापता, देवानं मागितला होता का? कर्ज काढून जेवणावळ घालता, फेडणार कोण? पोराला शाळेत का नाही घातलं? प्रश्न टाकून ते थांबत आणि उत्तर गर्दीतून येई. वऱ्हाडी बोलीत, मोठ्याने, हसत, कधी शरमत. माणूस चारचौघांत आपल्या तोंडाने जे बोलतो ते घरी गेल्यावर सहज परत घेता येत नाही. दुसऱ्याने सांगितलेलं मात्र तिथेच पारावर सोडून जाता येतं.

त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या घरापासून आणि स्वतःच्या जातीपासून. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटणाचं जेवण द्यायचा रिवाज होता, त्यांनी गोडाचं जेवण दिलं आणि भावकीचा राग सोसला. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या रूढीवर टीका करून टाळ्या मिळतात. त्या टाळ्यांनी आपल्या आळीतलं एकही घर बदलत नाही. हुंड्याविरुद्ध बोलणारी जी पोरं इथे बसली आहेत, त्यांनी हे धरून ठेवावं. तुमच्या बहिणीच्या आणि तुमच्या लग्नात काय झालं, तेवढंच गाव लक्षात ठेवणार आहे.

दुसरं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. 2009 साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला, 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, 2013 साली गावाने ग्रामदान केलं, म्हणजे शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. पाचेकशे लोकांच्या त्या गोंड गावात त्याच्या कितीतरी आधीपासून जे चाललं होतं त्याची बातमी होत नाही. तिथे अभ्यासगट होता. देवाजी तोफांसारखी गावची माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले मित्र त्यात एकत्र बसत. या गटात विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, शंका काढायच्या. निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेने घ्यायचा, आणि तोही सगळ्यांच्या सहमतीने. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बोलायचं.

अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. जिथे लगेच हात वर करायचा असतो तिथे माणूस मनातली शंका बोलत नाही, तो बाजू निवडतो. जिथे आज काहीच ठरायचं नाही तिथे म्हातारी बाईसुद्धा विचारते, "पण मंग आमच्या सरपणाचं कसं?" वनहक्काच्या कामात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि तो ठरावाच्या दिवशी कधीच विचारला जात नाही. त्या दिवशी ती गप्प बसते आणि नंतर रात्री जंगलात जाऊन लाकूड तोडते. मग आपण म्हणतो, लोकांनी ठराव मोडला.

सर्वसहमतीला वेळ लागतो, हे खरं आहे. आणि सर्वसहमतीच्या नावाखाली गावचे पाटील बाकीच्यांना दाबतात, हेही मी पाहिलं आहे. विहिरीवर पाणी भरू द्यायचं की नाही, यावर गावाची सहमती होईपर्यंत थांबायचं नसतं. माणसाचा हक्क मतावर ठेवता येत नाही, तिथे कायदा लागतो आणि तो आजच लागतो. पण दारू, जंगल, लग्नातला खर्च, या गोष्टी रोज लोकांच्याच हातून चालतात. तिथे त्यांना वगळून काही टिकत नाही.

चंद्रपूरकडे बघा. डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या नेतृत्वाखाली बाया दारूबंदी मागायला चिमूरहून पायी नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर गेल्या. थंडीचे दिवस, डोक्यावर गाठोडी. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. मे 2021 मध्ये सरकारने ती उठवायचं ठरवलं. अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला अशी कारणं दिली गेली. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासूनची बंदी अजून आहे. चोरटी दारू तिथेही येते, कुणी नाकारत नाही. मग फरक काय? महसुलाचा आकडा आणि राजकारण दोन्हींत मोठा वाटा आहे, तो मी बाजूला सारत नाही. पण माझ्या मते आणखी एक कारण आहे. गडचिरोलीत बंदीच्या आधी काही वर्षं गावोगाव बोलणं झालं होतं. तिथे आरोग्याचं काम करणारे डॉ. अभय आणि राणी बंग आणि त्यांच्यासोबतच्या संघटनांनी ते केलं, गावांनी स्वतःच्या बंद्या आधी घातल्या. आणि नंतरही काम थांबलं नाही, 2016 पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेच्या गावसमित्या दारू आणि तंबाखू दोन्हींवर उभ्या राहिल्या. चंद्रपुरात चालत गेलेल्या बायांच्या जिद्दीत तसूभर कमी नव्हतं. पण 2 एप्रिल 2015 पासून बंदी हे पोलिसांचं काम आहे, असं पुष्कळांनी धरून चाललं. बंदीची मागणी करणाऱ्या हजारो होत्या. बंदी गावात राखायची जबाबदारी कुणाची, हे गावांत ठरलंच नव्हतं. त्या बायांचा विश्वास मोडला याचं मला आजही दुःख होतं, आणि राग येतो.

राखायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो दारू गाळणाऱ्या घराचा. आपण त्या घरावर मोर्चा नेतो, मडकी फोडतो. आत बहुतेक वेळा कोण असतं? नवरा गेलेली, शेत नसलेली, दोन पोरं असलेली बाई. तिची भट्टी बंद झाली तर उद्या चूल कशावर पेटेल, याचं उत्तर गावाकडे असायला हवं. बचत गटाने तिला आधी सदस्य करून घ्यावं, रोजगार हमीच्या कामावर तिचं नाव पहिलं असावं, मोहफूल गोळा करून चांगल्या भावाने विकायची सोय ग्रामसभेने करावी. आणि गोंड-माडिया गावांत मोहाची दारू पूजेत लागते. तिथे शहरातून आलेल्या माणसाने सरसकट बंदीचं भाषण देऊ नये. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियंत्रण ठेवायचा अधिकार अनुसूचित, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रातल्या ग्रामसभेलाही दिला आहे. पूजेपुरती ठेवायची, विकायची नाही, असं एखादं गाव ठरवत असेल तर तो त्या गावाचा विचार आहे. तो आपल्या घोषणेत बसत नसला तरी त्याचा मान ठेवा.

तुमच्यापैकी कुणीतरी मघाशी म्हणालं, व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आहे, दोनशे जण आहेत. चांगलं आहे. निरोप द्यायला तो वापरा. पण त्या दोनशेंत किती बाया आहेत आणि कोणत्या मोहल्ल्यातल्या, ते आज रात्री मोजा. ज्यांच्याकडे फोन नवऱ्याच्या खिशात असतो त्यांच्यापर्यंत तुमचा एकही निरोप गेलेला नाही.

पुढची ग्रामसभा 26 जानेवारीला आहे. त्याच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, ती कागदावर होऊ देऊ नका. तोपर्यंत मतदार यादी काढा, मोहल्ल्यानुसार वाटून घ्या आणि दोघी-दोघी मिळून जा. पहिल्या फेरीत काही मागू नका, सहीसुद्धा नाही. विचारा आणि ऐका. ठराव मांडायचा असेल तर तुम्ही मांडू नका, मीही मांडणार नाही. ज्या घरी आजवर कुणी गेलं नव्हतं त्या घरातली कुणी तयार होते का, ते बघा. ती तयार झाली नाही तर जानेवारीचा ठराव मे महिन्यावर ढकला. आणि मे महिन्यात तेंदूपत्ता आहे, हे लक्षात ठेवून सभेची वेळ रात्रीची मागून घ्या.