जानेवारीतला गार हात

मंडळी, आज सकाळी अमळनेरात ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या पाहिल्या, म्हणून थंडीपासूनच सुरुवात करतो. नस आणि स्नायू यांच्यातली वीज मोजण्याचं माझं काम, आणि त्या कामाला थंडी फार फसवते.

मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. अशाच एका सकाळी एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. हातमोजे नव्हते. बोटांना मुंग्या येतात, एवढीच तक्रार. मनगटावर आणि कोपरावर हलका शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मी मोजलं: सेकंदाला ४२ मीटर. हाताच्या नसेचा वेग साधारण ५० च्या वर हवा. दोन्ही हात तसेच, म्हणून मी 'नसांचा आजार' असं लिहून मोकळा झालो. माझ्या सरांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. आधी त्या माणसाचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा होता. कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवायला लावला आणि पुन्हा मोजलं तर ५४! कातडीचं तापमान एक अंशानं उतरलं की वेग सुमारे दोन मीटरनं घटतो. हात किमान ३२ अंश तरी हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा हा प्रश्नच येत नाही. जानेवारीत मात्र निरोगी माणसावर आयुष्यभराचा शिक्का बसू शकतो. तेव्हापासून हात शेकल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही.

तपासणीचा दुसरा भाग सुईचा. त्याला ईएमजी म्हणतात. एका आजीबाईंनी विचारलं होतं, "माले करंट लावतस का, भाऊ?" सुईतून करंट जात नाही. सुई फक्त ऐकते. टोचल्याचं दुखतं, ते मी लपवत नाही. सैल सोडलेला निरोगी स्नायू गप्प असतो. नस तुटलेला स्नायू मात्र पडून असतानाही कुरकुरतो. स्पीकरवर तो आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा येतो. विहिरीवरची मोटार चालली नाही तर तुम्ही केबल पाहता, स्टार्टर पाहता, मग मोटार. इथंही तेच: बिघाड नसेत, नस-स्नायूच्या सांध्यात की खुद्द स्नायूत?

माणसाच्या स्नायूतली वीज १८४९ मध्ये जर्मनीत द्यु ब्वा-रेमों यांनी पहिल्यांदा नोंदवली. कातडीचा अडसर जावा म्हणून त्यांनी फोड आणून वरची कातडी काढली होती. आपल्याला एवढंच करायचं आहे, की तपासणीच्या दिवशी अंगाला तेल लावून यायचं नाही. पेसमेकर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा.

आता घाईबद्दल. केळीचा घड उतरवताना कोयता लागतो, बोटं हलत नाहीत, आणि नातेवाईक दुसऱ्याच दिवशी ही तपासणी मागतात. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा काही दिवस संदेश नेत राहतो. स्नायूची ती कुरकुर ऐकू यायला दोन-तीन आठवडे लागतात. पण म्हणून सर्जनकडे जायला थांबू नका! उघडी जखम आणि न हलणारी बोटं, एवढं त्यांना निर्णयाला पुरतं.

कापूस वेचणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायांचा हात रात्री बधिर होतो, झटकला की बरं वाटतं. तिथं ही तपासणी फार कामाची. नस मनगटातच दाबली गेली आहे हे बहुतेक वेळा नेमकं कळतं, आणि उगाच मानेचे फोटो काढत फिरावं लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचतो तो नॉर्मल रिपोर्ट. मधुमेह असलेल्या बाईच्या तळपायांची आग होते, ती रात्रभर झोपत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, "नाटकं आहेत." आग आणि वेदना नेणाऱ्या अगदी बारीक नसा या यंत्राला दिसतच नाहीत. हे यंत्र जाड नसांचं. म्हणून असा रिपोर्ट मी तिच्या एकटीच्या हाती देत नाही. नवऱ्याला, मुलाला, सासूला आत बोलावतो, बसवतो आणि हे त्यांना तिच्यासमोर सांगतो.