रस्त्यावर पडेल तोच उजेड : मोटरसायकलचा हेडलाइट बदलताना

[दृश्य : अंधारा, मोकळा रस्ता. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोतावर, चाललेली मोटरसायकल. उजेडाचा पट्टा आणि त्यापुढे एकदम काळोख.]

ताशी 60 किलोमीटरने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे सरकते. रस्त्यात काहीतरी आडवं आलंय हे दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळली जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. म्हणजे 25 मीटर तसेच निघून गेले. मग रस्ता कोरडा असला आणि ब्रेक चोख लागले, तरी गाडी थांबायला आणखी तेवीस-चोवीस मीटर लागतात. वेग 80 वर नेला की हा हिशेब 75 मीटरच्या घरात जातो.

हेडलाइट बदलण्याचा विचार इथून सुरू व्हायला हवा. माझी गाडी जेवढ्या अंतरात थांबते, तेवढ्या अंतरावरचा खड्डा मला दिसतो का? दिसत नसेल तर वेग कमी करणं हा पहिला इलाज. उजेड वाढवणं हा दुसरा.

[दृश्य : तोच रस्ता. चाकासमोर पांढराशुभ्र उजेड, लांबचा भाग काळा.]

यात डोळा फार फसवतो. पुढच्या चाकासमोर दहा-बारा मीटरांत लख्ख प्रकाश पडला की वाटतं, वा, काय उजेड आहे! पण त्याच लख्ख पट्ट्यामुळे डोळ्याची बाहुली आकुंचते आणि लांबचं अंधुक दिसणारं आणखी अंधुक होतं. चाकासमोरच्या त्या दहा मीटरांत दिसलेला खड्डा चुकवायला वेळच उरलेला नसतो. उजेड हवा असतो लांब, आणि लांब पोचवणं अवघड, कारण अंतर दुप्पट झालं की पोचणारा प्रकाश चौथा हिस्साच उरतो. 40 मीटरवर जेवढं दिसतंय तेवढंच 80 मीटरवर दिसायला हवं असेल, तर त्या दिशेला चौपट प्रकाश फेकावा लागतो. खोक्यावर छापलेले ल्युमेन हे बल्बमधून चहूबाजूंनी बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप आहे. त्यातला किती रस्त्यावर लांब जाईल, हे बल्ब ठरवत नाही. ते ठरवतो त्याच्यामागचा रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश पुढे फेकणारी चकाकती वाटी.

[दृश्य : मल्टिमीटरच्या दोन पिना बॅटरीच्या टर्मिनलवर. आकडा दिसतो : 14.0]

नवीन काही घेण्याआधी आहे तो उजेड कुठे गळतोय ते शोधा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच वगळतात.

इंजिन चालू ठेवा, रेस थोडी वर, हेडलाइट लावलेला. बॅटरीवर मल्टिमीटर धरा. तब्येत चांगली असलेल्या गाडीत 14 व्होल्टच्या आसपास आकडा येईल. आता हेडलाइटचा डूम (काच आणि रिफ्लेक्टरसकटचा अख्खा दिवा) उघडा आणि बल्ब जागेवर, पेटलेला असतानाच कपलरच्या, म्हणजे बल्बला वायरी जोडणाऱ्या टोपीच्या, मागून पिना आत घालून तिथला व्होल्टेज बघा. समजा तिथे 12.6 आले. मधले 1.4 व्होल्ट वायरिंगने, इग्निशन स्विचने, हँडलवरच्या डिपर स्विचने आणि गंजलेल्या अर्थिंगने खाल्ले. फक्त दहा टक्के तर गेले, असं वाटेल. पण तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घसरला की उजेड तीस टक्के घटतो. म्हणजे नवा बल्ब न घेताही जवळजवळ एक तृतीयांश उजेड परत मिळवता येण्यासारखा आहे.

अर्थिंग वेगळं तपासायचं : एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी होल्डरच्या अर्थ वायरवर, लाइट चालू. आकडा शून्याला चिकटून असला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर चेसिसला जिथे अर्थ जोडलाय तो बोल्ट सोडवा, रंग आणि गंज घासून काढा, पुन्हा आवळा.

मग काच. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट झाली असेल तर ती प्रकाश अडवते आणि उरलेला विस्कटते. बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, आधी 1000, मग 2000 नंबर, शेवटी पॉलिश आणि उन्हापासून वाचवणारा थर. तो थर दिला नाही तर काच पुन्हा पिवळी पडते. आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी मात्र गेली असेल, पत्रा काळवंडला असेल, तर कुठलाही बल्ब उपयोगाचा नाही. तो डूमच बदलावा लागतो.

[दृश्य : टेबलावर दोन बल्ब शेजारीशेजारी : हॅलोजन एचफोर आणि त्याच्या जागी बसणारा एलईडी. कॅमेरा अगदी जवळ.]

आता निवडीकडे येऊ. एचफोर बल्ब जवळून बघा. आत दोन तारा आहेत. एक अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, 60 वॅट. दुसरी डिपरची, 55 वॅट. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी दिसते. ही वाटी त्या तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून झोत खाली, रस्त्याकडे वळतो. डिपरच्या उजेडाला वरून जी कड दिसते, जिच्या वर अंधार असतो, ती या वाटीमुळे. समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात ते त्या कडेमुळे.

एलईडी बल्ब घेताना हीच जागा बघायची. चिप्स नेमक्या तारेच्याच जागी आहेत का? बल्ब ज्या चकतीवर बसतो तिच्यापासून तारेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि चिप्सपर्यंतचं मोजा. दीड-दोन मिलिमीटरचा फरक असला तरी झोत फुटतो. डिपरच्या चिप्सखाली वाटी आहे का? चिप्स ज्या पट्टीवर बसवल्यात ती पातळ आहे का? पट्टी जाड असली की दोन्ही बाजूंच्या चिप्स एकमेकींपासून दूर जातात. रिफ्लेक्टरला अपेक्षित असते एकच बारीक तार.

आणि ल्युमेनचा आकडा. एलईडी बल्ब वॅटला ढोबळमानाने शंभर ल्युमेन देतो असं धरा. 20 वॅटच्या बल्बवर 20,000 ल्युमेन छापलं असेल, तर त्या खोक्यावरच्या बाकी कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवू नका. तुलनेसाठी, साधा एचफोर 13.2 व्होल्टवर अप्परला सुमारे 1650 आणि डिपरला सुमारे 1000 ल्युमेन देतो. लहान गाड्यांतला 35 वॅटचा एचएसवन बल्ब देतो सुमारे 825 आणि 525.

एचएसवनच्या जागी एचफोर ठोकून बसवायचा मोह अनेकांना होतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण पावणेदोनपट करंट जुन्याच वायरिंगमधून जाणार, तोही अशा गाडीत जिच्या मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनवर वीज बनवणाऱ्या भागाची, एकूण ताकदच बेताची. 100 वॅटच्या बल्बची गत याहून वाईट : होल्डर वितळतो, स्विचचे पॉइंट जळतात. एचआयडी किटबद्दल (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारा दिवा) थोडक्यात सांगतो. तो पेटून पूर्ण उजेडाला यायला काही सेकंद घेतो आणि तारेच्या बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत विस्कटतो. मी तो सुचवणार नाही.

'130 टक्के जास्त उजेड' असं लिहिलेले हॅलोजन मिळतात. ते खोटं नसतं. पण तुलना कायद्याने ठरवलेल्या किमान प्रकाशाशी, झोताच्या ठरावीक जागी केलेली असते. तार जास्त तापवून हा उजेड काढलेला असतो, म्हणून असे बल्ब लवकर जातात. तरीही, कायद्याच्या चौकटीत राहून डिपर सुधारायचा असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि असा चांगला हॅलोजन ही जोडी मला आवडते.

खर्चाची तयारी असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे अख्खा एलईडी डूम. त्याचा प्रकाश आणि त्याची काच एकमेकांसाठीच बनलेली असते. गोल हेडलाइटच्या गाड्यांना 7 इंची आणि पावणेसहा इंची मापं बहुधा बसतात, मात्र मागची खोली मोजून घ्या. काचेवर गोलात ई अक्षर आणि त्याच्याजवळ आकडा असेल, तर तो दिवा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मान्य झालेला आहे. हॅलोजनसाठी मान्य झालेल्या डूममध्ये एलईडी बल्ब घालणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. जर्मनीने 2020 साली असे काही बल्ब मान्य केले, तेही ठरावीक मॉडेलपुरते. तुमच्याकडचा नियम खरेदीआधी बघा, नंतर नको.

रंगाच्या बाबतीत मी ठाम आहे. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळट, जास्त तितका निळसर. हॅलोजनचा रंग 3200 केल्व्हिनच्या आसपास. 4500 ते 5000 पर्यंत ठीक. त्यापुढचा निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो आणि तुम्हाला त्यातून जास्त काही दिसत नाही.

[दृश्य : हात कामात. सीट काढलेली. चार पायांचा रिले.]

बसवायला घेताना आधी एक गोष्ट बघा. बऱ्याच लहान, जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. तो थेट मॅग्नेटोतल्या लायटिंग कॉइलवर, एसीवर चालतो. रेस वाढवली की उजेड वाढतो, ही त्याची खूण. अशा गाडीत एलईडी लुकलुकतो आणि लवकर मरतो. आधी हेडलाइट डीसीवर घ्यावा लागतो, आणि चार्जिंगला तो भार झेपतोय हे मल्टिमीटरवर पाहावं लागतं.

हॅलोजनसाठी दोन रिले, एक डिपरला आणि एक अप्परला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून नवी जाड वायर, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची. बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज, 10 किंवा 15 अँपिअरचा. तिथून रिलेचा 30 नंबरचा पाय. 87 वरून बल्बकडे. जुन्या डिपर-अप्परच्या वायरी आता 86 वर येतात, 85 अर्थला. म्हणजे पाच अँपिअरचा भार स्विचवरून उतरला. त्याला आता फक्त रिलेची कॉइल ओढायची, ती अर्ध्या अँपिअरहून कमी. एलईडीला करंटच कमी लागतो, त्याला सहसा रिलेची गरज नाही. जोड पिळून टेप गुंडाळू नका. क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डाग राहतो, तिथे काच जास्त तापते.

एलईडीची उष्णता मागे साचते. मागचं रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं झाकण) पूर्ण बंद केलं तर बल्बमागचा छोटा पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि चिप्स तापून उजेड उतरतो. बूट काढूनच टाकलं तर धूळ आणि पाणी. बूट बसून मागच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या मोकळ्या राहतील असा बल्ब निवडा.

[दृश्य : सपाट जमीन, दहा मीटरवर भिंत. भिंतीवर खडूची आडवी रेघ.]

फोकस. हे केलं नाही तर आधीचं सगळं वाया. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, भिंतीपासून दहा मीटर. गाडी स्टँडवर नको, तुम्ही तिच्यावर बसलेले. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून घ्या. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली आली पाहिजे. दिव्याची उंची 90 सेंटिमीटर धरली आणि कड 10 सेंटिमीटर खाली ठेवली, तर ती रस्त्याला 90 मीटरवर टेकते.

आता मागे कुणाला तरी बसवा. चाकांमधलं अंतर 1.4 मीटर असलेल्या गाडीत मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त अडीच सेंटिमीटर जास्त दबली, की झोत एक अंशाने उचलला जातो. दहा मीटरवर त्याचे होतात साडेसतरा सेंटिमीटर. कड रेघेच्या वर गेली, थेट समोरच्याच्या चेहऱ्यावर. नेहमी डबलसीट जात असाल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा, किंवा फोकस डबलसीटवरच लावा. समोरून येणारा स्कूटरवाला दोन सेकंद आंधळा झाला तर तो तुमच्याच दिशेने येतोय, हे विसरू नका.

वळणावर गाडी झुकते तशी झोताची कडही झुकते, आणि वळणाच्या आतल्या बाजूला, नेमकं जिथे बघायचं असतं तिथे, अंधार पडतो. हे बल्बने सुटत नाही. काही महागड्या गाड्यांत झुकण्याबरोबर फिरणारा किंवा बाजूने पेटणारा दिवा असतो. बीएमडब्ल्यूने 2011 च्या के 1600 मालिकेत तसा हेडलाइट दिला होता. बाकीच्यांनी खाली, रुंद झोताचे, कड असलेले जादा दिवे लावावेत. लांब पल्ल्याचे स्पॉट लावलेच, तर त्यांची वायर अप्परशी जोडा, म्हणजे डिपरवर आलात की तेही विझतील.

[दृश्य : हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळतं. वायरिंग जवळून.]

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कुठलीही वायर ताणली जाता कामा नये की चिमटता कामा नये. अर्धा तास दिवा चालू ठेवून कपलरला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर जोड सैल आहे. पहिल्या काही दिवसांच्या प्रवासानंतर फोकसचा स्क्रू हललाय का ते त्याच भिंतीवर पुन्हा तपासा. काढलेला जुना बल्ब चालू असेल तर कापडात गुंडाळून सीटखाली ठेवा, आणि त्याचा कपलर कापू नका.