कोशिएन: प्रेक्षकांचीही बॅटिंग

(दृश्य: ओसाका, उमेदा स्टेशन. संध्याकाळची गर्दी.)

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास उमेदा स्टेशनवर पोचलात, तर कोणता प्लॅटफॉर्म हे कुणाला विचारावं लागत नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जर्सी घातलेली माणसं दिसली की त्यांच्यामागे चालू लागायचं. कुणी ऑफिसातून परस्पर आलेला, शर्टावरच जर्सी चढवतोय. कुणी आजी, गळ्यात वाघाचं तोंड छापलेला टॉवेल. गाडी हानशिन कंपनीची. जलद गाडीने पंधरा मिनिटांच्या आसपास कोशिएन येतं. स्टेशनाबाहेर पडलं की समोर उन्नत महामार्ग, आणि त्याच्या पलीकडे वेलींनी झाकलेली उंच भिंत. ते मैदानही हानशिनचंच. आणि आज खेळणारा बेसबॉल संघ? हानशिन टायगर्स.

रेल्वे कंपनीने मैदान का बांधावं, याचं उत्तर अगदी व्यापारी आहे. ओसाका आणि कोबे या शहरांच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी खासगी रेल्वे कंपन्यांची चुरस होती. रोजचा नोकरदार तर गाडीत बसणारच. सुट्टीच्या दिवशीही माणसं बसावीत म्हणून कुणी करमणूक बागा काढल्या, कुणी मोठी दुकानं, कुणी बेसबॉलची मैदानं. शाळकरी मुलांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच प्रेक्षक जुन्या मैदानात मावेनासे झाले. हानशिनने बुजवलेल्या नदीपात्राच्या जागेवर, साडेचार महिन्यांच्या आसपास, हे अवाढव्य बांधकाम उभं केलं. १ ऑगस्ट १९२४ ला ते उघडलं. आपल्याकडे प्रभवापासून जसं साठ संवत्सरांचं चक्र मोजतात, तसंच साठ वर्षांचं चक्र पूर्व आशियातही आहे. १९२४ हे त्या चक्राचं पहिलं वर्ष होतं, आणि त्या वर्षाचंच नाव मैदानाला मिळालं.

टायगर्सचा व्यावसायिक संघ त्यानंतर, १९३५ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाला. नानकाई आणि हानक्यू या शेजारच्या रेल्वे कंपन्यांचेही संघ होते. दोघांनीही १९८८ मध्ये ते विकून टाकले. हानशिनचा वाघ मात्र अजून त्याच रुळांवर आहे. सामन्याच्या दिवशी रेल्वेचे कर्मचारी खेळाच्या प्रगतीवर डोळा ठेवून असतात. कितवी इनिंग चालू आहे, सामना किती रंगलाय, ते पाहून जादा गाड्या सोडतात. वेळापत्रक पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातात आहे म्हणा ना.

(दृश्य: प्रवेशद्वार. तिकीट तपासणी. मग जिन्यावरून वर, आणि एकदम उघडं मैदान.)

तिकीट कुठलं काढायचं? खेळ नीट पाहायचा असेल तर होमप्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसा. तिथे वर छप्पर आहे. पूर्वीचं छप्पर लोखंडी होतं. १९४३ मध्ये युद्धासाठी धातू हवा म्हणून ते उतरवून देऊन टाकलं गेलं. दोन्ही बाजूंना उंच चढत जाणारे स्टँड दिसतात, त्यांना आल्प्स म्हणतात. १९३६ मध्ये आउटफिल्डचे, म्हणजे बॅटरपासून लांबच्या टोकाचे, स्टँड वाढवले, तेव्हा त्यांना हिमालय म्हणायचं ठरलं होतं. आल्प्स टिकलं, हिमालय विस्मरणात गेला. भारतीय पाहुण्याला हे थोडं लागतं.

पण कोशिएन म्हणजे काय ते अनुभवायचं असेल, तर उजव्या बाजूच्या आउटफिल्डचं तिकीट काढा. खेळाडू तिथून लहान दिसतात, ऊन-पाऊस अंगावर येतो, आणि बसायला फारसं मिळत नाही. इथे पाहुण्या संघाची जर्सी घालून यायला मनाई आहे. त्यांच्या लोकांसाठी पलीकडे, डाव्या बाजूला, वेगळा कोपरा राखलेला असतो. आज त्या कोपऱ्यात नारिंगी रंग आहे: टोकियोचे योमिउरी जायंट्स. राजधानीचा, सगळ्यात जास्त विजेतेपदं मिळवलेला संघ. ओसाकाकरांना त्यांना हरवण्यात जो आनंद मिळतो, तो इतर कुणाला हरवण्यात मिळत नाही.

(दृश्य: पाठीवर बिअरचं पिंप बांधून जिने चढणाऱ्या विक्रेत्या मुली. हात वर करणारे प्रेक्षक.)

आधी पोटाचं. कोशिएनची करी आणि भात मैदान उघडलं तेव्हापासून विकला जातोय. गडद तपकिरी, किंचित गोडसर. मराठी जिभेला ती करी वाटेलच असं नाही, पण हातातल्या थाळीला शंभर वर्षांचा इतिहास आहे, तेव्हा तक्रार करू नये. बिअर जागेवर येते. विक्रेत्या मुली पिंप पाठीवर घेऊन ते उभे जिने चढतात-उतरतात. तिथला नेहमीचा प्रेक्षक आपल्या ठरलेल्या विक्रेतीचीच वाट पाहतो.

(दृश्य: सामना सुरू. जायंट्सची बॅटिंग.)

सहा वाजता खेळ सुरू होतो. ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: नऊ इनिंग; प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात; तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. पाहुण्यांची बॅटिंग आधी.

आणि इथे पहिल्यांदा येणारा माणूस चक्रावतो. चाळीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि उजवी बाजू निवांत बसून जेवतेय. आपल्या पिचरने स्ट्राइक टाकला, म्हणजे बॅटरला चकवलं, की टाळ्या, बस्स. आवाज येतोय तो लांबच्या त्या नारिंगी कोपऱ्यातून. तिकडे तुताऱ्यांसारखे ट्रम्पेट वाजताहेत, ढोल वाजतोय, आणि इकडचे लोक त्यात अडथळा आणत नाहीत. आत्ता पाळी त्यांची आहे.

तिसरा गडी बाद होतो. डबे बंद होतात. सगळा स्टँड उभा राहतो.

(ध्वनी: ट्रम्पेट, मोठा ढोल, प्लॅस्टिकच्या छोट्या बॅटी एकमेकींवर आपटल्याचा कडकडाट. निवेदन थोडा वेळ थांबवावे.)

प्रत्येक नियमित बॅटरची स्वतःची चाल असते. त्याच्यासाठी रचलेली, त्याच्या नावाचे शब्द असलेली. तो मैदानात आला की ट्रम्पेट ती चाल उचलतात आणि तो बाद होईपर्यंत किंवा बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यावर, पोचेपर्यंत ती थांबत नाही. पुढचा आला, पुढची चाल. परदेशातून आलेल्या खेळाडूलाही चाल मिळते, जपानी शब्दांत. लोकांना या सगळ्या चाली पाठ. शेजारचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा एकही शब्द न चुकता गातोय, आणि त्याचे बाबा मात्र दुसऱ्या ओळीला अडखळताहेत. समोर हातमोजे घातलेला म्होरक्या पाठ मैदानाकडे करून उभा आहे. त्याला खेळ दिसतच नाही. त्याचं काम स्टँड सांभाळण्याचं. संघ पाच धावांनी मागे असला तरी ट्रम्पेटचा जोर तेवढाच राहतो.

लाउडस्पीकरवर कुणीतरी ‘आवाज करा’ म्हटलं म्हणून ओरडणारी गर्दी आपण बरीच पाहिली आहे. या गर्दीला सांगणारं कुणी लागत नाही. तिला स्वतःची बॅटिंग येते. माझ्या मते क्रीडांगणावर पाहावी अशी ही खेळाइतकीच मोठी गोष्ट आहे. अर्थात सगळंच सभ्य असतं असंही नाही. होमप्लेटच्या मागे वयस्क मंडळी बसलेली असतात आणि ओसाकाच्या बोलीत स्वतःच्याच खेळाडूंना अशी सुनावतात की ऐकणारे आजूबाजूचे लोक हसू आवरू शकत नाहीत. फटका चुकून चेंडू प्रेक्षकांत आला तर कर्मचारी शिटी फुंकतात. शिटी ऐकली की करी विसरायची आणि वर बघायचं.

(दृश्य: खांबावरचे झेंडे, उजवीकडून डावीकडे फडफडणारे.)

झेंड्यांकडे पाहा. समुद्र जवळ आहे, आणि तिथला वारा इथे उजवीकडून डावीकडे वाहतो. त्याला हामाकाझे म्हणतात, किनाऱ्याचा वारा. डावखुरा बॅटर जोरात फिरवतो तेव्हा त्याचा उंच चेंडू साधारण उजवीकडे जातो, आणि वारा तो पुन्हा मैदानात ढकलतो. होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे फटके, होईनात म्हणून १९४७ मध्ये आउटफिल्डमध्ये आतल्या बाजूला एक जवळचं कुंपण घातलं होतं. ते १९९१ मध्ये काढलं.

या वाऱ्याशी जमवून घेणारा डावखुरा म्हणजे रँडी बास. अमेरिकेत त्याचं फारसं बस्तान बसलं नव्हतं. इथे आला आणि वाऱ्याविरुद्ध मारण्याऐवजी डावीकडे मारायला शिकला. १९८५ मध्ये त्याने ५४ होमरन मारले. विक्रम होता ५५ चा, सादाहारू ओ यांच्या नावावर; आणि मोसमाच्या शेवटी समोर होता जायंट्सचा संघ, ज्याचे व्यवस्थापक होते खुद्द ओ. त्यांच्या पिचरांनी बासला मारण्याजोगा चेंडूच जवळजवळ टाकला नाही. टायगर्सचे लोक हे अजून विसरलेले नाहीत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जायंट्सविरुद्ध, याच मैदानावर बास, काकेफु आणि ओकादा यांनी एकापाठोपाठ एक होमरन मारले. वर्षअखेर टायगर्स प्रथमच जपानचे विजेते झाले. त्याआधी लीग जिंकली त्या रात्री लोक ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्याच्या पुलावर जमले. एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासारखा दिसणाऱ्याने पाण्यात उडी मारायची. बासचं नाव आलं, पण दाढीवाला गोरा माणूस आणायचा कुठून? जवळच्या केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला आणि टाकला पाण्यात.

पुढे टायगर्सना जपानचं विजेतेपद मिळेना. दोष कर्नलच्या शापाला दिला गेला. २००९ मध्ये पुतळा गाळातून बाहेर आला, तरी विजेतेपद आलं नाही. ते आलं २०२३ मध्ये, ३८ वर्षांनी, आणि तेव्हा संघाचे व्यवस्थापक होते ओकादा. तेच, त्या तीन होमरनमधले तिसरे.

(दृश्य: इनिंगच्या मध्ये माती सारखी करणारे कर्मचारी. काळी माती जवळून.)

खेळ थांबला की मैदान सारखं करणारी माणसं धावत येतात. इथल्या इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, गवत अजिबात नाही. सगळी काळी माती आणि वाळू. वसंतात पाऊस जास्त, म्हणून वाळू वाढवतात. उन्हाळ्यात पांढरा चेंडू उठून दिसावा म्हणून काळी माती वाढवतात. पावसाने तळं झालेलं मैदान ही मंडळी खेळण्याजोगं करून दाखवतात, आणि लोक त्यांच्यासाठी होमरनसारख्या टाळ्या वाजवतात.

या मातीवर टायगर्सचा हक्क दुसरा. ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची स्पर्धा भरते, सामन्याच्या सुरुवातीला भोंगा वाजतो, आणि व्यावसायिक संघ स्वतःच्या घरातून बाहेर पडून दौऱ्यावर जातो. हरलेली मुलं जाताना ही माती पिशवीत भरून नेतात. १९५८ मध्ये ओकिनावातल्या शुरी हायस्कूलच्या मुलांनीही नेली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. बंदरावर पोचल्यावर परदेशी माती म्हणून रोगप्रतिबंधक नियमाखाली ती फेकून द्यायला लावली. ही बातमी वाचून जपान एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींनी कोशिएनचे खडे मिळवून शाळेला पाठवले. दगडांना नियम लागू नव्हता.

(दृश्य: सातवी इनिंग. जुनं चित्रण: आकाशात हजारो लांबट फुगे.)

सातव्या इनिंगमध्ये टायगर्सच्या बॅटिंगआधी हजारो लांबट फुगे एकदम सोडायची इथली प्रसिद्ध प्रथा. शिट्टी मारत, वळवळत वर जायचे आणि मग सगळे डोक्यावर. २०२० च्या महामारीत ती बंद पडली. तोंडाने फुगवलेले हजारो फुगे गर्दीवर कोसळणं कुणाला परवडणार होतं?

(दृश्य: नववी इनिंग. शेवटचा गडी बाद. स्टँड उसळतो.)

आज जिंकले. जायंट्सविरुद्ध, एका धावेने. ‘रोक्को ओरोशी’ सुरू होतं, रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचं नाव घेणारं, १९३६ पासूनचं संघाचं गाणं. खेळाडूंची मुलाखत होते, ते आत जातात. नारिंगी कोपरा रिकामा होतो. कर्मचारी कचऱ्याच्या पिशव्या उघडून जिन्यांवर उभे राहतात आणि लोक आपापले ग्लास, थाळ्या आणून टाकतात.

उजवी बाजू मात्र हललेली नाही. म्होरक्याने हात वर केलाय. पहिल्या बॅटरची चाल सुरू झाली; तो बॅटर केव्हाच अंघोळीला गेलाय. आता दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. नवव्यापर्यंत सगळ्यांच्या होणार.